पाण्याचाही डबा भरा!

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली गोष्ट. मुलांच्या परीक्षा संपल्या, निकालही लागले आणि जेलरोडच्या आमच्या बिल्डिंगमधल्या पाच घरच्या बायकांनी ठरवलं, यंदा मुलांना वॉटर पार्कला न्यायचंच. वर्षभर भिशीतून थोडेथोडे पैसे बाजूला टाकले होते. मिनीबस ठरली. सकाळी सहाला मुक्तिधामपाशी जमायचं ठरलं. आदल्या रात्री पाचही स्वयंपाकघरांत दिवे उशिरापर्यंत जळत होते. पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, चिवडा! शिवाय टॉवेल, बदलायचे कपडे, गोळ्या-औषधं. कशात काही कमी नाही.

आणि पाणी? बारा मुलं, पाच बाया, दोन सासूबाई. एकूण एकोणीस माणसं आणि बरोबर पाण्याच्या सहा बाटल्या! "लागलं तर घेऊ की तिथे," असं सगळ्याच म्हणालो.

गेटवर पिशव्या तपासल्या. डबे तिथल्याच खोलीत ठेवायला लावले. बाटल्या आत नेऊ दिल्या, पण त्या पहिल्या तासातच रिकाम्या झाल्या. मग मी एका स्टॉलवर गेले. एक लिटरची बाटली चाळीस रुपये!

"अहो, यावर वीस छापलेत."

"इथे हाच भाव आहे ताई. घ्यायची तर घ्या."

पोरं घामाघूम होऊन मागे उभी होती. घेतल्या चार बाटल्या. मुलांना पाजलं, सासूबाईंना दिलं. आम्ही बायकांनी एकमेकींकडे बघितलं आणि कुणीतरी म्हणालं, "आपलं काय! आपण घरी जाऊन पिऊ."

दुपारी साडेतीनला माझ्या जाऊबाई बाकावर बसल्या त्या उठेचनात. डोकं गरगरतंय म्हणाल्या, मग उलटी झाली, पोटऱ्यांत गोळे आले. तिथल्या प्रथमोपचाराच्या खोलीत नेलं. नर्सबाई चांगल्या होत्या. पाय उंच करून झोपवलं, पंखा लावला, ओल्या फडक्याने अंग पुसलं आणि विचारलं, "ताई, सकाळपासून किती पाणी प्यायलात?"

जाऊबाई आठवायला लागल्या. सकाळी घरी एक कप चहा. बसमध्ये दोन घोट. बस्स!

"बसमध्ये का नाही प्यायलात? तेव्हा तर बाटल्या होत्या."

"मग मध्येच गाडी थांबवावी लागली असती ना… बायांची सोय कुठे असते रस्त्यात?"

मैत्रिणींनो, मला त्या दिवशी लख्ख कळलं. आम्ही पाणी प्यायलो नाही ते नुसते चाळीस रुपये वाचवायला नव्हे. 'जायला लागेल' म्हणूनही प्यायलो नाही. परत येताना जाऊबाईंना दवाखान्यात नेऊन सलाईन लावावं लागलं. औषधं धरून दीड हजाराच्या वर गेले. आणि पाण्यात आम्ही वाचवले होते किती? फार तर दोनशे रुपये!

तांब्या गेला, तिकीट आलं

आमच्या लहानपणी सहल म्हणजे पांडवलेणी, सोमेश्वरचा धबधबा नाही तर गंगापूर धरण. आई निघताना आधी फिरकीचा तांब्या भरायची, मग डब्याकडे वळायची. वाटेत पाणपोई लागायची. लाल ओलं फडकं गुंडाळलेला रांजण आणि साखळीला बांधलेला पेला. अक्षय्य तृतीयेला पाण्याने भरलेला घट दान द्यायची रीत आपल्याकडे आहे, ती उगाच नाही. ऐन उन्हाळ्यात तहानलेल्याला पाणी देणं हे पुण्य मानलं गेलं.

पुढे १९८९ साली मुंबईत गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झालं. तेव्हा नाशिकरोडहून पहाटेची गाडी पकडायची, दादरला उतरून बोरिवलीची लोकल धरायची आणि मग बोटीने पलीकडे जायचं, असा थाट होता. २०१३ साली खोपोलीजवळ इमॅजिका झालं. शिर्डीला साईतीर्थ आणि वॉटर पार्क झाले, तसं हे सगळं आपल्याला आणखी जवळ आलं. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, त्यामुळे सिन्नरमार्गे शिर्डीला जाऊन येणं आणखी सोपं झालं. मजा आहे, नाही म्हणत नाही. मुलांचे चेहरे बघितले की पैसे वसूल होतात.

पण या जागांना कुंपण आहे, गेट आहे. आत गेलं की दिवसभर आपण तिथलेच. घरचा डबा बहुतेक ठिकाणी चालत नाही. अशा वेळी पाण्याचा विचार घरून निघण्याआधीच करावा लागतो, आणि नेमका तोच आपण करत नाही.

पाण्यात असूनही तहान

वॉटर पार्कमध्ये एक फसगत होते. अंग ओलं असतं, त्यामुळे घाम आलेला कळत नाही. गार वाटतं म्हणून तहान लागल्याचंही लक्षात येत नाही. घाम मात्र जातच असतो. आपल्याकडची, शिर्डीकडची हवा कोरडी. घाम आला आला म्हणेपर्यंत सुकतो आणि आपल्याला वाटतं, घामच नाही. मुंबई-खोपोलीकडे उलटं. हवा दमट, घाम सुकत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही आणि घामाच्या धारा चालूच राहतात. दोन्हीकडे पाणी कमी पडतंच.

वय झालेल्या माणसांना तहानेची जाणीवच कमी होते. 'मला नको गं' असं सासूबाई म्हणाल्या, तरी पेला हातात द्यायचाच. लहान मुलं खेळाच्या नादात मागत नाहीत. आणि आपण? आपल्याला तहान कळते, पण आपण ती मारतो. गाडीत मारतो, बाजारात मारतो, लग्नघरी मारतो. लघवी तासन् तास तुंबवून ठेवण्याची आणि पाणी कमी पिण्याची ही सवय पुढे मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाला आमंत्रण देते. जळजळ, ताप, पुन्हा पुन्हा औषधं! कितीजणींच्या घरी हे चालू असतं, पण बोलत कुणी नाही. मुंबईत २०११ साली बायकांच्या स्वच्छतागृहांसाठी 'राइट टू पी' ही चळवळ उभी राहिली, ती यातूनच. मागणी साधी होती, पुरुषांसारखी आम्हालाही फुकट आणि स्वच्छ सोय द्या.

उन्हाची थट्टा करू नये. १६ एप्रिल २०२३ ला नवी मुंबईत खारघरच्या उघड्या मैदानावर मोठा सोहळा झाला होता. उष्माघाताने १४ जण दगावले आणि त्यांत बायका जास्त होत्या. आनंदाने घरून निघालेली माणसं होती ती.

किती लागतं? किती खर्च येतो?

उन्हातल्या अशा दिवसाला मोठ्या माणशी अडीच-तीन लिटर पाणी धरून चालावं. चौघांच्या घराला बारा लिटर. बारा बाटल्या छापील वीस रुपयांनी घेतल्या तर २४० रुपये. तोच भाव दुप्पट लागला तर ४८०. वर मुलांची थंड पेयं. ती गोड असल्यामुळे थोड्या वेळाने पुन्हा घसा कोरडा तो कोरडाच! म्हणजे एका माणसाच्या तिकिटाएवढे पैसे नुसत्या पिण्यात जायचे.

यंदाच्या एप्रिलमध्ये आम्ही पुन्हा गेलो, त्याच बायका, तीच मुलं. पण तयारी निराळी. ती सांगते.

मिनीबसच्या मागच्या बाजूला वीस लिटरचे दोन गार पाण्याचे जार ठेवले. एक चाळीस रुपयांना पडला. म्हणजे लिटरला दोन रुपये! जाता-येता त्यातूनच प्यायचं, आणि आत जाताना सगळ्या बाटल्या काठोकाठ भरून घ्यायच्या. एसटीने किंवा रेल्वेने जाणार असाल तर घरच्याच बाटल्या न्या. स्टेशनवर घ्यावीच लागली तर 'रेल नीर' मागा. सप्टेंबर २०२५ पासून त्याची एक लिटरची बाटली १४ रुपयांना आणि अर्ध्या लिटरची ९ रुपयांना झाली आहे.

जाण्याआधी दोन दिवस पार्कला फोन केला आणि चार प्रश्न विचारले. पाण्याच्या बाटल्या आत चालतात का? बाळाचं दूध आणि म्हाताऱ्या माणसांचं औषध-खाणं चालतं का? पिण्याच्या पाण्याचे नळ कुठे आहेत? आणि दुपारी बाहेर येऊन पुन्हा आत जाता येतं का? प्रत्येक ठिकाणचे नियम वेगळे असतात, त्यामुळे विचारलेलं बरं. पाण्याचे नळ बहुधा खाण्याच्या जागेच्या मागे किंवा स्वच्छतागृहाच्या बाजूला असतात. पाटी बारीक असते. लाजू नका, सरळ विचारा. गेल्या खेपेला आम्ही विचारलंच नव्हतं!

रात्री अर्ध्या बाटल्या आडव्या ठेवून बर्फ केला. पूर्ण भरायच्या नाहीत, नाहीतर बर्फाने बाटली तडकते. सकाळी वरून पाणी घातलं. बाटलीला ओला सुती पंचा गुंडाळला. कोरड्या हवेत या युक्तीने पाणी माठासारखं गार राहतं, आणि गरम होऊन कुणी आजारी पडतंय असं वाटलं तर तोच पंचा कपाळाला उपयोगी पडतो.

आणि सगळ्यांत मोठा बदल म्हणजे प्रत्येक बाईची स्वतःची वेगळी बाटली! झाकणाला रंगीत रबरबँड लावलेला. माझा लाल, जाऊबाईंचा हिरवा. घरच्या बाटलीत आईचा वाटा शेवटचा असतो, आणि शेवटी काही उरत नाही. स्वतःची बाटली असली की संध्याकाळी दिसतं, आपण किती प्यायलो. हिशेब डोळ्यांसमोर राहतो.

कसं प्यायचं?

उठल्यावर दोन पेले. प्रवासात अर्ध्या-अर्ध्या तासाने चार-पाच घोट. पार्कमध्ये प्रत्येक राइडनंतर थोडं थोडं. तहान लागायची वाट बघायची नाही. पण एकदम लिटरभर ढोसायचंही नाही, मळमळतं. लघवीचा रंग फिकट पिवळा असेल तर पाणी पुरतंय. गडद पिवळी झाली किंवा पाच-सहा तास जावंच लागलं नाही, तर कमी पडतंय.

स्वच्छतागृहाचं काय? आत गेल्या गेल्या आधी ते कुठे आहे ते बघून ठेवा. सकाळी स्वच्छ असतं, तेव्हा एकदा जाऊन या. दर दोन तासांनी दोघी-तिघी मिळून जा. एकीने पिशव्या धरायच्या, एकीने दाराशी उभं राहायचं. भिजलेले कपडे सारखे काढा-घाला करणं जिवावर येतं, म्हणून सैल, चटकन निघणारे कपडे घाला. पिशवीत साबणाचा तुकडा, कागदी रुमाल आणि पॅड ठेवा. गाडी ठरवतानाच चालकदादांना सांगा, दर दीड-दोन तासांनी चांगल्या पंपावर किंवा हॉटेलवर थांबायचं. आम्ही सांगितलं, ते हसून 'बरं' म्हणाले. एवढंच होतं ते!

पाण्याबरोबर पाणीदार खाणंही मोजा. बाहेरचं खाणं आत चालत नसेल तर बसमध्ये जाता-येता खा. काकडी, कलिंगडाच्या फोडी, संत्री आणि हंगाम असेल तोवर आपली नाशिकची द्राक्षं. ताक सकाळी दहाच्या आत संपवावं, उन्हात ते लगेच आंबतं. उघड्यावरचा बर्फ आणि गोळा टाळा. आणि मुलांना बजावून सांगा, तलावातलं पाणी गिळायचं नाही.

चौकट : स्वस्त आणि घरचं

• लिंबू-पाणी : एक लिटर उकळून गार केलेलं किंवा फिल्टरचं पाणी, दोन लिंबं, चवीपुरती साखर, दोन चिमटी मीठ.

• कैरीचं पन्हं : उन्हाळ्यात लिंबू महागतं तेव्हा हे परवडतं. उकडलेल्या कैरीचा गर, गूळ, मीठ, वेलची एकत्र करून बरणीत न्या. पेल्यात दोन चमचे गर आणि वर पाणी.

• आमसुलाचं सरबत : आठ-दहा आमसुलं रात्री भिजत घालायची. सकाळी कुस्करून गाळून त्यात गूळ, जिरेपूड, सैंधव.

• उलटी-जुलाब झाल्यास मीठ-साखरेचं पाणी : एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. माप चुकवू नका. मीठ जास्त झालं तर लहान मुलाला अपाय होतो. अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये. औषधाच्या दुकानातलं ओआरएसचं पाकीट मिळालं तर ते अधिक चांगलं.

'ओआरएस' नावाला भुलू नका

या पाकिटामागे मोठी कहाणी आहे. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला. सलाईन संपत आलं, तेव्हा बनगावला डॉ. दिलीप महलनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोजचं पाणी तोंडाने पाजायला सुरुवात केली आणि असंख्य जीव वाचले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

पण मधल्या काळात दुकानांत गोड, फळांच्या चवीची पेयं 'ओआरएस' नाव लावून विकली जाऊ लागली. त्यांत साखर भरपूर, त्यामुळे जुलाब झालेल्या मुलाला ती दिली तर जुलाब वाढू शकतात. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष याविरुद्ध कित्येक वर्षं एकट्या लढल्या. अखेर ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांना 'ओआरएस' हे नाव लावायला मनाई केली. एका बाईने चिकाटी धरली की काय होतं बघा! तेव्हा घेताना पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का ते वाचा, आणि एक पाकीट लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच पूर्ण घाला. अर्धं आज, अर्धं उद्या असं करू नका.

आणि हो, धडधाकट माणसाला दिवसभर ओआरएस पीत बसायची गरज नसते. साधं पाणी आणि वेळेवर जेवण पुरतं. मधुमेह असेल तर सरबतापेक्षा साधं पाणीच बरं. रक्तदाब, हृदय किंवा किडनीचा त्रास असेल, लघवीची गोळी चालू असेल, तर किती पाणी आणि किती मीठ हे आपल्या डॉक्टरांना विचारूनच निघा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला उन्हाळ्यातसुद्धा वरचं पाणी लागत नाही, आईचं दूध पुरतं. पण त्यासाठी आईने मात्र भरपूर प्यायला हवं.

छापील किंमत आणि आपलं तोंड

त्या चाळीस रुपयांच्या बाटलीचं मला फार दिवस वाईट वाटत होतं. मग चौकशी केली. बंद बाटली दुकानात किंवा स्टॉलवर विकताना छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेता येत नाहीत. एकाच मालावर दोन ठिकाणी दोन वेगळ्या किमती छापायलाही जानेवारी २०१८ पासून बंदी आहे. हॉटेलात टेबलावर बसून मागवलं तर मात्र गोष्ट वेगळी. तिथे बसण्याची, वाढण्याची सेवा असते म्हणून जास्त आकारायला सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये मुभा दिली. सिनेमागृहांबाबत जानेवारी २०२३ मध्ये याच न्यायालयाने सांगितलं की बाहेरचं खाणं अडवता येईल, पण पिण्याचं स्वच्छ पाणी फुकट द्यावं लागेल. तो निकाल सिनेमागृहांपुरता आहे. तरी 'पिण्याचं पाणी कुठे आहे हो?' हे विचारायला आपल्याला संकोच का वाटावा?

स्टॉलवर जास्त मागितले तर शांतपणे बिल मागा. बिल हातात ठेवून १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. यंदा एका ठिकाणी मी नुसतं "बिल द्या दादा" म्हटलं, तर छापील किमतीत बाटली मिळाली!

एवढं ध्यानात ठेवा

डोकं दुखणं, चक्कर, मळमळ, पायांत गोळे ही पहिली खूण. लगेच सावलीत बसवा, कपडे सैल करा, अंग ओल्या फडक्याने पुसा, वारा घाला, घोट घोट पाणी द्या. पण माणूस असंबद्ध बोलायला लागला, अंग तापलं, शुद्ध हरपली, तर तो उष्माघात असू शकतो. तोंडात पाणी ओतायचं नाही, घशात अडकतं. अंगावर पाणी मारत राहायचं आणि १०८ ला फोन करायचा.

यंदा संध्याकाळी परतताना सिन्नरफाट्यापाशी जाऊबाईंनी आपली हिरव्या रबरबँडची बाटली उलटी करून दाखवली. रिकामी होती. "तिसऱ्यांदा भरलेली संपवली गं!" म्हणाल्या. दिवसभरात पाच वेळा गाडी आणि राइड सोडून जावं लागलं त्यांना. कुणाचं काही बिघडलं नाही. घरी पोचल्यावर त्यांनीच सगळ्यांना पिठलं-भाकरी करून वाढली.

तर मैत्रिणींनो, सुट्टीत सहल जरूर काढा. पुऱ्या दहा कमी लाटल्या तरी चालतील. पण पाण्याचा डबा भरताना आपलं पान आधी मांडा!